आठ ठिपक्यांचा रणगाडा: जुन्या व्हिडिओ गेमच्या जाहिराती अशा का दिसायच्या

१९७७ साली अमेरिकेत अटारी व्हीसीएस हे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र बाजारात आलं. सोबत 'कॉम्बॅट' ही कॅसेट मिळायची. (खरा शब्द कार्ट्रिज, पण आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे, तेव्हा इथेही कॅसेटच.) तिच्या खोक्यावरचं चित्र क्लिफ स्पॉन यांनी रंगवलेलं. त्यात रणगाडे, दुपंखी विमानं आणि जेट एकमेकांत मिसळलेले, सगळीकडे धूर आणि वेग. कॅसेट खोचून टीव्ही लावला की मात्र पडद्याच्या एका बाजूला चौकोनी ठिपक्यांचा एक रणगाडा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. प्रत्येकाची रुंदी आठ ठिपके.

चित्र आणि गेम यांतली ही दरी त्या काळच्या मासिकांतल्या जाहिरातींत पानोपानी दिसते. आज ती पानं चाळताना 'काय फसवायचे हो!' असंच तोंडून निघतं. काही ठिकाणी फसवणूक होतीही, त्याकडे पुढे येऊ. पण बहुतेक जाहिरातींचं रूप ठरवलं ते यंत्राच्या कुवतीने, मासिकाच्या वेळापत्रकाने आणि छापखान्याच्या खोडींनी.

आधी यंत्र. अटारी व्हीसीएसची मेमरी १२८ बाइट होती. किलोबाइट नव्हे, बाइट. आज संगणकावर यूटीएफ-८ पद्धतीने मराठी मजकूर साठवताना देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ४२ चिन्हांत ती मेमरी भरली. पूर्ण पडद्याचं चित्र साठवायला जागाच नव्हती. टीव्हीवर एकेक आडवी रेघ उमटत असतानाच प्रोग्रॅमला त्या रेघेत काय दिसायला हवं ते सांगावं लागायचं. चित्र काढणाऱ्या चिपला हलत्या वस्तू माहीत होत्या फक्त पाच: आठ ठिपके रुंदीचे दोन 'खेळाडू', दोन गोळे आणि एक चेंडू. मागचा देखावा तर अर्ध्याच पडद्याचा, २० जाड ठोकळ्यांचा. उरलेल्या अर्ध्यात त्याचीच नक्कल किंवा आरशातलं प्रतिबिंब. 'कॉम्बॅट'मध्ये दोन रणगाडे आणि दोन तोफगोळे का, याचं उत्तर इथेच मिळतं.

आणि तरीही २ किलोबाइटच्या त्या कॅसेटमध्ये २७ प्रकारचे खेळ होते. भिंतीवर आपटून परतणारे गोळे, अदृश्य रणगाडे, ढगांत लपणारी विमानं. खोक्यावर २७ हा आकडा छापलेला असे. मग चित्रकाराने एकच प्रसंग रंगवून कसं भागणार? म्हणून ती गर्दीची मांडणी. हाताने रंगवलेली सिनेमाची पोस्टरं पाहिलेल्या मराठी वाचकाला ही जात अनोळखी नाही: मध्ये नायकाचा चेहरा, खाली मारामारी, कोपऱ्यात घोडा आणि वर जळतं घर. सुरुवातीच्या अटारी चित्रांमधलं बरंच काही 'खोटं' वाटतं, पण स्पॉन यांचं 'कॉम्बॅट' नीट पाहिलं तर त्यातलं प्रत्येक वाहन गेममध्ये सापडतं. ते चित्र खेळाची अनुक्रमणिकाच आहे. अटारीसाठी रंगवणाऱ्यांत रिक गायडिस हेही एक होते. त्याच सुमारास नासासाठी त्यांनी अंतराळातल्या वसाहतींची चित्रं केली होती. न दिसणारी गोष्ट पटेल अशी रंगवण्याचा सराव झालेला माणूस या कामाला अगदी योग्यच.

आता वेळापत्रक, जे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. मासिकावर छापलेला महिना हा विक्रीचा महिना नसतो. डिसेंबरचा अंक नोव्हेंबरमध्ये, कधी त्याही आधी दुकानात येतो. छपाई, बांधणी आणि देशभर वाटप धरून जाहिरातीच्या छपाईसाठीच्या तयार फिल्म त्याआधी साधारण सहा ते आठ आठवडे हातात लागत. म्हणजे नाताळच्या खरेदीसाठीची जाहिरात सप्टेंबरमध्ये पूर्ण व्हायला हवी आणि चित्रकाराला काम द्यायचं जुलै-ऑगस्टमध्ये. त्या वेळी गेम कुठे असायचा? बऱ्याचदा प्रोग्रॅमरच्या डोक्यात. अटारीच्या 'ई.टी.'चं उदाहरण टोकाचं आहे: १९८२ सालच्या नाताळसाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो गेम लिहायला पाचेक आठवडे मिळाले. मासिकाला लागणारा वेळ याहून जास्त. अशा वेळी पडद्याचा फोटो मागणं म्हणजे लग्न ठरायच्या आधी बारशाचा फोटो मागणं.

चित्रकाराला हातात काय मिळायचं? गेमचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन, क्वचित अर्धवट गेमची पाच-दहा मिनिटांची झलक. चुका इथून शिरायच्या. १९८९ सालच्या 'मेगा मॅन २'च्या अमेरिकन खोक्यावर मार्क एरिक्सन यांनी नायकाच्या हातात पिस्तूल दिलं. गेममध्ये त्याचा हात हीच तोफ आहे.

चित्र रंगवायची रीत

१९८०च्या दशकातल्या या चित्रांची ती गुळगुळीत, चकाकती पोत एअरब्रशमधून येते. पेनासारखी धरायची छोटी फवारणी, मागे कॉम्प्रेसर, हवेचा दाब साधारण २५ ते ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). आधी जाड, गुळगुळीत इलस्ट्रेशन बोर्डावर पेन्सिलीने रेखाटन. चित्र छपाईच्या आकाराच्या दीडपट-दुप्पट काढायचं, म्हणजे लहान करताना हाताचे बारीक दोष झाकले जातात. मग बोर्डावर हलक्या चिकटीची पारदर्शक फिल्म लावायची आणि ज्या भागात रंग हवा तेवढीच ती धारदार ब्लेडने कापून उचलायची. कापताना ब्लेडचं वजन फिल्मपुरतंच ठेवायचं. बोर्ड कापला गेला तर त्या चिरेत रंग साचतो आणि छापील पानावर काळी रेघ उमटते. रंग दुधाइतका पातळ करून एकावर एक हलके थर मारायचे. एकाच थरात काम उरकायला गेलं की रंग ओघळतो. ओल्या थरावर फिल्म पुन्हा लावली तर उचलताना ती रंगासकट निघते आणि दोन दिवसांचं काम पाण्यात. तोंडाशी रंग सुकला की फवाऱ्याऐवजी थेंब उडतात. अवकाशाच्या चित्रात त्या थेंबांचे तारे करून वेळ मारून नेता येते, चेहऱ्यावर नाही.

शेवटचा हात ब्रशचा: डोळ्यांतली चमक, धातूवरची पांढरी रेघ, केसांच्या बटा. भिंगातून जुनी जाहिरात पाहिली तर फवारलेला मऊ भाग आणि ब्रशने ओढलेली कडक रेघ वेगवेगळी ओळखू येते. चित्र पूर्ण झालं की त्याची मोठ्या आकाराची पारदर्शिका (छपाईसाठी पारदर्शक फिल्मवरचा रंगीत फोटो) काढत. मथळा आणि मजकूर चित्रावर लिहीत नसत. तो वेगळ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर चिकटवून वर ठेवत, म्हणजे किंमत किंवा भाषा बदलली तरी चित्राला धक्का नाही. जोडपान असेल तर नायकाचा चेहरा बरोबर मधल्या शिवणीत येणार नाही हे पाहावं लागे. न पाहिल्याचे नमुने भरपूर सापडतात.

पडद्याचा फोटो काढणं सोपं नव्हतं

'पडद्याचा फोटो लावायला काय झालं होतं?' असं विचारणाऱ्याने एकदा जुन्या, काचेच्या नळीच्या सीआरटी टीव्हीचा फोटो फिल्मच्या कॅमेऱ्यावर काढून पाहावा. टीव्हीवर चित्र एकदम उमटत नाही, वरून खाली रेघेरेघेने उमटतं. अमेरिकन पद्धतीत एका फेरीला सेकंदाचा साठावा भाग लागतो. शटर १/१२५ सेकंद ठेवलं तर जेमतेम अर्धी फेरी टिपली जाते, बाकी पडदा अंधारा. म्हणून शटर १/३० किंवा त्याहून हळू, सहसा १/८ ते १/२ सेकंद. खोली पूर्ण काळोखी, कॅमेरा तिवईवर, चकाकी टाळायला टीव्हीभोवती काळं कापड. काच फुगीर, म्हणून जवळून न काढता ८५ ते १०० मिमीची लेन्स लावून लांबून काढायचा, नाहीतर कडा गोल येतात. टीव्हीचा पांढरा रंग निळसर असतो, तो उतरवायला फिल्टर. इतकं करून एकाच दृश्याचे पाच-सहा फोटो वेगवेगळ्या शटरवर काढायचे आणि फिल्म धुऊन येईपर्यंत वाट पाहायची.

गंमत पुढे आहे. १९८२ सालच्या अटारीच्या 'पॅक-मॅन'मध्ये भुतं चार, पण यंत्राला एवढ्या हलत्या वस्तू एकदम दाखवता येत नाहीत. म्हणून प्रत्येक भूत चारातल्या एकाच फेरीत दिसतं. डोळ्याला ते लुकलुकतं. कॅमेऱ्याचं शटर १/६० ठेवलं तर फोटोत एकच भूत! चारही हवी असतील तर किमान १/१५ सेकंद, आणि तेव्हाही ती फिकट, कारण प्रत्येक भुताला वाट्याला चौथाईच प्रकाश आला. त्यात सगळी हलत असतात आणि या यंत्राला 'पॉज'चं बटणही नव्हतं. म्हणून पडदा दाखवायचा असेल तेव्हा बरेचदा कलाकाराकडून तो रंगवूनच घेत. अशा रंगवलेल्या पडद्यावर ठिपक्यांच्या कडा संशय यावा इतक्या सरळ असतात आणि आडव्या रेघा गायब. खरा फोटो ओळखायची खूण म्हणजे कोपऱ्यांची किंचित गोलाई आणि पांढऱ्या भागाभोवती पसरलेली चमक.

पडदा उघडा ठेवणारे

सगळ्यांनीच चित्रामागे लपायचं ठरवलं नव्हतं. १९७९ साली अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरांनी ॲक्टिव्हिजन सुरू केली. त्यांच्या खोक्यांवर सपाट रंग, इंद्रधनुष्याचा पट्टा आणि गेममध्ये दिसतं त्याच्या जवळ जाणारी साधी आकृती असे. त्यांना हे परवडत होतं, कारण त्यांचे गेम त्याच यंत्रावर इतरांपेक्षा देखणे दिसत. ठरावीक गुण मिळवून पडद्याचा फोटो पोस्टाने पाठवला की कापडी बिल्ला मिळायचा, म्हणजे पडद्याचा फोटो काढायची ती कसरत पोरांच्याही गळ्यात.

खेळणी बनवणाऱ्या मॅटेलने आपल्या इंटेलिव्हिजन या गेमच्या यंत्रासाठी लेखक जॉर्ज प्लिम्प्टन यांना उभं केलं आणि अटारीचा बेसबॉल आणि आपला बेसबॉल शेजारी-शेजारी दाखवला. युक्ती खेळाच्या निवडीत होती. इंटेलिव्हिजनच्या पडद्यावर ठिपके काही जास्त नव्हते, पण त्याला एका वेळी आठ स्वतंत्र आकृत्या हलवता येत. बेसबॉलमध्ये मैदानभर खेळाडू लागतात, अटारीची दुखरी नस नेमकी तीच. रणगाड्यांचा खेळ शेजारी ठेवला असता तर फरक एवढा उठून दिसला नसता.

१९८३ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तिसरीच वाट काढली. जाहिरातीत ना चित्र ना पडदा, फक्त काळ्या कपड्यांतले प्रोग्रॅमर, एखाद्या संगीत-मंडळीसारखे उभे, आणि संगणक तुम्हाला रडवू शकेल का असा प्रश्न. फोटो नॉर्मन सीफ यांचा, ज्यांचं नाव संगीतकारांच्या छायाचित्रांसाठी होतं. खोकीही ग्रामोफोन रेकॉर्डच्या वेष्टनासारखी चपटी. गेमला 'लेखक' असतो हे विकायची ही धडपड होती आणि आमच्या मते त्या दशकातली ती सर्वात हुशार जाहिरात.

त्याच वर्षी अमेरिकेतला बाजार कोसळला. १९८५ साली जपानची निन्टेन्डो कंपनी आपलं एनईएस हे गेमचं यंत्र घेऊन तिथे उतरली, तेव्हा ग्राहक दुधाने पोळलेले होते. सुरुवातीच्या काळ्या खोक्यांवर त्यांनी गेममधल्याच ठिपक्यांच्या आकृत्या मोठ्या करून छापल्या. चौकोन मोजता येतील इतक्या मोठ्या.

विलायतेत मामला वेगळा

ब्रिटनमध्ये गेम घरगुती संगणकांवर चालत, तेही एकाच वेळी तीन-चार प्रकारच्या. झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये ८ बाय ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग, त्यामुळे नायक झाडासमोरून गेला की झाडाचा हिरवा रंग नायकाला लागे. कमोडोर ६४ वर रंग मोकळे, पण ठिपके जाडे. जाहिरात मात्र एकच! म्हणून मोठं चित्र मध्ये, तळाशी टपाल-तिकिटाएवढे तीन-चार पडदे आणि बाजूला यंत्रवार किमती: स्पेक्ट्रम ७.९५ पौंड, कमोडोर ८.९५ पौंड अशा. त्या पडद्यांखालची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. पडदे दुसऱ्याच यंत्रावरचे, कधी तर रस्त्यावरच्या नाणं टाकायच्या यंत्रावरचे असत. फसवणूक म्हणायची तर ती मोठ्या चित्रात नसून या छोट्या चौकटींत आहे. रंगवलेला रणगाडा पाहून कुणी तो पडद्यावर दिसेल असं समजत नव्हतं. फोटोवर मात्र माणूस विश्वास ठेवतो.

मँचेस्टरच्या ओशन कंपनीची कितीतरी चित्रं बॉब वेकलिन यांच्या हातची. १९८७ सालच्या 'ग्रायझर'चं (हाच गेम अमेरिकेत 'कॉन्ट्रा') चित्र प्रसिद्ध आहे. त्यातल्या दोन सैनिकांचे पवित्रे त्याच वर्षीच्या 'प्रीडेटर' सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या श्वार्झनेगरच्या फोटोंवरून घेतलेले आहेत. वेळ कमी, मॉडेल परवडत नाही, मग सिनेमाची छायाचित्रं समोर ठेवून काम काढायचं, ही सर्रास पद्धत होती. नव्वदीत आपल्याकडच्या '९९९९ इन १' कॅसेटींच्या स्टिकरवर तर कुठलाही स्नायुपुरुष कुठल्याही गेमसाठी चालायचा.

मुळात नसलेल्या गेमची जाहिरात पाहायची तर लिव्हरपूलच्या इमॅजिन कंपनीची. १९८४ साली त्यांनी 'बॅन्डरस्नॅच' या गेमची जाहिरात केली. दाखवायला गेम नव्हता, म्हणून तो बनवणाऱ्यांचेच फोटो छापले. त्याच जुलैत कंपनी बुडाली आणि गेम कधीच आला नाही. तिथल्या काहींनी पुढे सिग्नोसिस ही गेम कंपनी काढली, आणि रॉजर डीन यांची स्वप्नवत चित्रं हीच तिची ओळख झाली. १९८९ सालचा 'शॅडो ऑफ द बीस्ट' ३४.९५ पौंडांना विकला गेला, खोक्यात डीन यांच्या चित्राचा टी-शर्ट घालून. गेम अवघड आणि पोकळ होता असं म्हणणारे बरेच आहेत. टी-शर्टबद्दल तक्रार नाही.

ठिपके आणि भिंग

छापलेलं पान दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. रंग नाहीसे होतात, उरतात निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके. मासिकांत हे जाळं साधारण इंचाला १३३ ओळींचं, म्हणजे एक घर ०.१९ मिमी. चार रंगांची जाळी वेगवेगळ्या कोनांत फिरवलेली असते: निळं १५ अंश, काळं ४५, किरमिजी ७५, पिवळं शून्य. त्यातून छोट्या फुलांसारखी नक्षी तयार होते. ही नियमित फुलं दिसली तर पान ऑफसेटवर छापलेलं आहे. विस्कळीत शिंतोडे दिसले तर घरगुती इंकजेटवरची नक्कल. जुनी जाहिरात विकत घेताना ही दहा सेकंदांची तपासणी कराच.

अवकाशाची काळीभोर पार्श्वभूमी ही छापखान्याची डोकेदुखी. चारही शाया शंभर टक्के लावल्या तर बेरीज ४०० टक्के होते. वेगाने धावणाऱ्या कागदावर ती सुकत नाही आणि समोरच्या पानाला डाग पडतो. म्हणून बेरीज ३०० टक्क्यांच्या आत ठेवतात. त्यावर पांढरी बारीक अक्षरं सोडली आणि एखादा रंग केसभर सरकला तर अक्षरांच्या पोटात रंग शिरतो. कित्येक जाहिरातींतला कंपनीचा पत्ता आज वाचता येत नाही तो यामुळे.

स्कॅन करताना

सर्वांत जास्त पानं इथे वाया जातात. १५० डीपीआयवर (इंचाला १५० नमुने) स्कॅन केलं तर एका घराला जेमतेम एक नमुना येतो आणि चित्रभर लाटांची नक्षी उमटते. ती नंतर धुऊन निघत नाही. ६०० डीपीआय ठेवा, म्हणजे घरामागे चारहून जास्त नमुने मिळतात. स्कॅनरचं 'शार्पन' बंद. मासिकाचा कागद पातळ, पाठीमागची छपाई झिरपून दिसते, म्हणून पानामागे पांढरा नव्हे, काळा कागद ठेवा. थोडं काळपट येईल, ते फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममधल्या 'लेव्हल्स'मध्ये उजळून घेता येतं. मूळ टिफ फाइल तशीच जपायची. ठिपके मिटवणं ('डीस्क्रीन' ही सोय वापरून किंवा चित्र हलकं धूसर, म्हणजे ब्लर, करून आणि मग आकार निम्मा) हे नेहमी प्रतीवर. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी आकार कमी आणि मग ब्लर, तर लाटा पक्क्या बसतात.

उन्हात राहिलेल्या पानातला पिवळा आणि किरमिजी आधी उडतो, म्हणून जुनी पोस्टरं निळी पडतात. संगणकावर रंग ओढून तो थोडाफार परत आणता येतो, पण ठिपकाच उडाला असेल तिथे काही उरलेलं नसतं. पान ठेवायला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. पीव्हीसीचं नको, ते शाई ओढून घेतं आणि चिकटतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पाकीट पूर्ण बंद करू नका आणि कपाटात सिलिका जेल ठेवा, नाहीतर चकचकीत कागद एकमेकांना असा धरतो की सुटताना शाई दोन्हीकडे वाटली जाते.

अंक घेताना पानांचे बाहेरचे खालचे कोपरे तपासा. कुपन तिथेच छापत, कारण कात्री तिथे सहज पोचते. कुपन कापलं की मागच्या पानावरच्या चित्राचाही तेवढा तुकडा जातो. दुसरी प्रत मिळाली तर तेवढा कोपरा वेगळा स्कॅन करून जोडता येतो. रंग मात्र दोन्ही प्रतींचे आधी जुळवून घ्या, कारण एकाच अंकाच्या दोन प्रतींतही शाई सारखी बसलेली नसते.